मागच्या दारातली दुपार

अंकुश,

गेल्या आठवड्यात कोकणातून सुलभाचा फोन आला. तू गेल्याचं तिला मुक्ताने कळवलं होतं, त्यामुळे तो भाग तिने थोडक्यात उरकला. मग जरा थांबून म्हणाली, "काकी, विचारू की नको असं झालंय. पण विचारते. मार्गशीर्षात येणार का तुम्ही? खोल्या झाडून ठेवू?"

तेव्हा तिने उरलेलं सांगितलं. पुण्याचं एक जोडपं त्या दोन खोल्या वर्षभरासाठी मागतंय. "तुमचा मान आधी. तुम्ही नाही म्हणालात तरच त्यांना हो म्हणेन. रविवारपर्यंत सांगा. घाई काही नाही."

रविवारपर्यंत आणि घाई नाही, ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी बसत नाहीत. पण ती मी दुरुस्त करत बसले नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. समुद्रकाठच्या वाडीतल्या त्या दोन खोल्या ठेवायच्या की किल्ली परत पाठवायची. घर आपलं कधीच नव्हतं. सुलभाच्या सासूबाईंनी, माईंनी, आवारातलं ते जुनं छोटं घर आपल्याला वापरायला दिलं आणि दर वर्षी आपण तिथे जात राहिलो. तिथे आपला स्टोव्ह आहे, तीन पातेली आहेत, दोन चटया आहेत आणि तुझी तुटक्या दांड्याची छत्री आहे. एवढं सामान कोणीही पोत्यात भरून पाठवेल. तरी मी रविवारी सांगते म्हणून फोन ठेवला.

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. पाच ओळींची होती. तिच्यात चूक नव्हती. तिच्यात जे आलं ते इथे पुन्हा लिहीत नाही.

गेल्या वर्षी तू हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होतास. आपण वाळूवर बसलो होतो. तू भाजलेल्या शेंगा फोडत होतास आणि टरफलं नेमाने खिशात टाकत होतास.

"बाई, मी नसलो तर तू येशील का इथं?"

पेपरच्या ऑफिसात सगळे मला बाई म्हणायचे, म्हणून तूही म्हणायला लागलास. थट्टेत सुरू झालेलं ते नाव पुढे कायमचं झालं.

मी म्हणाले, "जर-तरच्या बातम्या आम्ही घेत नाही."

"मग कोणत्या घेता?"

"घडलेल्या."

"बरं," तू म्हणालास, "घडल्यावर इचारतो."

आणि पुढची शेंग फोडलीस. तो विषय तिथे संपला असं मी धरून चालले होते.

तुझ्या दिवसांना थोरले भाऊजी पाचोडहून आले होते. सगळं उरकल्यावर ओट्यावर बसून त्यांनी त्यांचं मत मांडलं. "आता त्या कोकणात काय ठिवलंय? पाचोडला या. मळ्यात खोली हाय, माणसं हायेत, बोलायला बाया हायेत. अन् पाणीच बघायचं आसंल तर धरणाचा नाथसागर हाय की. त्यो काय समुद्रापेक्षा कमी हाय व्हय?" मी मान डोलावली. त्यांच्यासमोर मी नेहमीच मान डोलावत आले आहे. पाचोडला गेलं की तुला अहो म्हणायची आणि फाटा मागे पडला की पुन्हा अरे सुरू करायची. कोपरापर्यंत पदर घेऊन वाढणारी ती बाई बघून तू गालात हसायचास, तेही मला दिसायचं.

मुक्ताचं मत फोनवर आलं. "आई, तिथं एकटी जाऊन तू काय करणार? बाबांची छत्री बघून रडत बसशील. त्यापेक्षा माझ्याकडं पुण्याला ये. जितके दिवस राहायचं तितके राहा."

दोघांच्याही म्हणण्यात खोट काढता येत नाही. मी दोन्ही बाजू मनाशी मांडल्या. तिसरी बाजू तुझी. ती सांगायला आता कोणी नाही.

तू गेल्यानंतर आलेला पाण्याचा पहिला दिवस मी चुकवला. आपल्या गल्लीत नळ किती दिवसांनी येईल याची खात्री नाही आणि किती वाजता येईल याची तर अजिबात नाही. तुला मात्र कळायचं. पाइपात आधी हवा फुसफुसते, तो आवाज तुला आतल्या खोलीत जेवताना ऐकू यायचा आणि तू ताटावरून उठायचास. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. मला काही ऐकू आलं नाही. शेवटी कंपाउंडच्या पलीकडून नसीम आपांची हाक आली.

"भाभी! नल आके गया! तुम क्या सो रई थी?"

मग त्यांच्याच लक्षात आलं. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच्या टाकीतून पाइप भिंतीवरून टाकला आणि आपली टाकी अर्धी भरून दिली. "अंकुशभाई रहते तो पूरी गल्ली को जगाते," म्हणाल्या, "बच्चे भी बोलते थे, वो अंकलच नल है."

आपली सुट्टीसुद्धा नळावरच ठरायची. लोक शाळेच्या किंवा बँकेच्या सुट्ट्या बघतात. आपण पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी निघायचो आणि पुढचं पाणी यायच्या अंदाजाने परत यायचो. मी नोकरीतून मोकळी झाल्यावर म्हटलं होतं की आता महिनाभर राहू. तू म्हणालास, "महिनाभर? अन् झाडं?" नसीम आपा पाणी घालतील म्हटलं तर तुझं उत्तर तयार. "त्या घालतील. पण लाडानं घालतील. लई पाणी पाजून मारतील." हा वाद आपण दर वर्षी घातला. दर वर्षी तू जिंकलास, कारण झाडं तुझ्या बाजूने होती.

तुझी बाग म्हणजे घराच्या तीन बाजूंना असलेली चिंचोळी जागा. कढीपत्ता, जास्वंद, मोगरा, शेवगा, गवती चहा आणि मागे मोसंबी. तांदूळ धुतलेलं पाणी कुणाला, डाळीचं कुणाला, भांडी विसळलेलं कुणाला, याच्या तू पाळ्या लावल्या होत्यास. कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळलंस, ती शिस्त झाडांनाही लागू केलीस. हातात पातेलं घेऊन तू त्यांना दम द्यायचास. "जास्वंदे, तू गप. काल तुला झालंय. आज कढीपत्त्याची पाळी." येणारे-जाणारे फाटकापाशी थांबून ऐकायचे.

मी डेस्कवर रात्रपाळीला होते तोवर सकाळ नावाची गोष्ट मला माहीत नव्हती. ती तू दाखवलीस. मागच्या पायरीवर बसून चहा. पहिला अर्धा कप होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा तुझा नियम. तीस वर्षं ज्या बाईने उठल्याबरोबर चार पेपर चाळले तिला हा नियम सुरुवातीला जाचक वाटला. गवती चहाची पात तू हाताने चुरगळायचास, कात्री लावू द्यायचा नाहीस. कपातून वाफ वर जायची. शेजारच्या शेवग्यावर साळुंख्या भांडायच्या. अर्धा कप झाला की तू पेपर उचलायचास आणि पहिल्या पानाला हात न लावता थेट बाजारभाव काढायचास.

"वैजापुरात कांदा उतरला."

"तुझा कुठे आहे कांदा?"

"नसू दे. पण उतरला ना."

आणि पुढे दिवसभर तुला त्या कांद्याची खरी हळहळ वाटत राहायची. मी पहिल्या पानासाठी रक्त आटवायची आणि घरातला एकमेव वाचक ते पान भाकरी गुंडाळायला घ्यायचा, असं मी म्हणायची. तू म्हणायचास, "भाकरीला लई चांगलं हाय पहिलं पान. मजकूर कोरडा असतो."

आता मी चहा करते आणि पहिला अर्धा कप गप्प असते. नियम पाळायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

मोसंबीवरून आपलं जे चालायचं ते मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. पाचोडच्या मळ्यातली चांगली फळं गाडीत भरून बाजाराला जायची आणि घरात राहायची ती गळीची, झाडाखाली पडलेली, एका अंगाला मऊ झालेली. तू लहानपणभर तीच खाल्लीस. माझ्या घरी मळा नव्हता, पण रीत तीच. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, वडिलांचं टेबल तेच राहिलं आणि घरातले नियमही. डागी केळं आधी, शिळी पोळी आधी, नवं पातळ सणाला. त्यामुळे आपल्या झाडाला पहिली फळं धरली तेव्हा मी सवयीने खाली पडलेली दोन उचलून आणली. तू शिडी लावून शेंड्याचं सगळ्यात पिवळं फळ काढून आणलंस आणि चाकू माझ्या हातात दिलास.

"हे आधी."

"आणि ही पडलेली? ती खराब होतील."

"व्हऊ दे. खराब आधी खायचं म्हणलं की रोज खराबच खायला मिळतं. चांगलं वाट बघून बघून खराब व्हतं, मग त्याची पाळी येती."

"मग काय, टाकून द्यायचं?"

"टाकू नको. पण मागं ठिव."

तुझ्या म्हणण्यातली गोम मला दिसत होती. मागे ठेवलेलं शेवटी टाकावंच लागतं. ते मी तुला सप्रमाण दाखवूनही दिलं. तरी दर हंगामात तू चांगलं फळ कापायचास आणि मी दुसऱ्या बाजूने गळीचं, एकाच ताटलीत. मुक्ता म्हणायची, या घरात मोसंबीसुद्धा दोन पक्षांची आहे. तुझी फोड जास्त गोड लागायची, हे मी कबूल केलं नाही. आजही करत नाही. पण ती बाजू तुझी बरोबर होती की माझी, हे ठरायचं राहून गेलं.

कोकणात पहिल्यांदा गेलो तेव्हा मुक्ता शाळेत होती आणि आपलं गाव अजून औरंगाबादच होतं. डेस्कवरच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने माईंकडे उतरलो. पोहोचलो त्या सकाळी नळाला पाणी आलं. मी प्रवासाने थकून झोपले होते. तू आवाजावर उठलास आणि घरातलं प्रत्येक भांडं भरलंस. बादल्या, कळशा, पातेली, माईंची परात, मुक्ताची पाण्याची बाटली, माझा जेवणाचा डबा. ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माई दारात येऊन बघत राहिल्या.

"अहो, हे काय? लग्न आहे का घरात?"

"नळ आला होता, माई."

"तो रोज येतो. आणि मागे विहीर काठोकाठ आहे."

तू मागे जाऊन विहिरीत डोकावलास. हात लांबवला तर पाण्याला लागत होता. बराच वेळ तू तिथे उभा राहिलास आणि परत येऊन हळूच मला म्हणालास, "खरंच हाय." तरीही भरलेली भांडी तू ओतून दिली नाहीस. त्यात अळ्या झाल्या तेव्हा माईंनी आपल्या हाताने सगळी पोफळींना उपडी केली.

त्याच संध्याकाळी तू समुद्र पाहिलास. हात कमरेवर ठेवून, शेताच्या बांधावर उभं राहतात तसा उभा होतास. मला वाटलं काहीतरी मोठं बोलशील. तू विचारलंस, "ह्याचं आवर्तन कोण सोडतं?" धरणाच्या कालव्याला पाणी कधी सुटणार हा ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न, त्यांनी समुद्रालाही तोच विचारावा, यात नवल नाही. मी हसले. तू हसला नव्हतास. पाणी गुडघ्याला लागलं की तू परत फिरायचास, आणि इतक्या वर्षांत त्या रेषेच्या पुढे गेला नाहीस.

माई गेल्या आणि सुलभाने घर हातात घेतलं. तिने केलेली तांदळाची भाकरी तू उजेडात धरून बघायचास. "सुलभे, ही भाकरी नाय, कागद हाय. हिच्यातून मला तुझं तोंड दिसतंय." सुलभाही कमी नाही. "आणि काका, तुमची ती ज्वारीची? ती घेऊन लढाईला जातात." पुढच्या वर्षापासून तू ज्वारीचं पीठ डब्यात भरून न्यायला लागलास आणि आमटी तिची, भाकरी तुझी असा तह झाला.

सकाळी वाळूवरून शेवटच्या खडकापर्यंत जाऊन यायचं. वाटेत कोळणीशी भाव करायचा आणि मासे न घेता यायचं, कारण तुला फक्त भाव करायचा असायचा. संध्याकाळी पुन्हा वाळू. हे सगळं आपलं दोघांचं होतं. त्याबद्दल तुला नव्याने सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही.

जेवण झालं की तू पुढच्या खोलीत झोपायचास. पंखा लावायचास आणि उजेड नको म्हणून मधलं दार ओढून घ्यायचास. इथे घरी तू दुपारी कधी पाठ टेकली नाहीस, पण तिथल्या हवेने तुला झोप येते असं तू सांगितलंस आणि मी ते मान्य केलं. मग मी मागच्या दारात जाऊन बसायची. पायरीला लागून पाट होता. विहिरीचा पंप चालू असला की पाटातून पोफळींकडे पाणी जायचं. त्यात पाय सोडायचे. पाणी आधी गार लागायचं, मग लागेनासं व्हायचं. लांब कुठेतरी झावळी गळून पडायची. समुद्र तिथून दिसत नाही, नुसता ऐकू येतो. हातात पुस्तक नसायचं, फोन आतल्या पिशवीत असायचा. कोणाला काही विचारायचं नव्हतं, कोणाला काही कळवायचं नव्हतं. चार वाजता मधलं दार वाजायचं, विस्कटलेल्या केसांचा तू बाहेर यायचास आणि म्हणायचास, "लई झोप लागली बाई. चहा टाकतो."

वर्षभरात मला सगळ्यात आवडणारा वेळ तो होता, आणि त्यात तू नव्हतास. हे नवऱ्याला कसं सांगतात ते मला माहीत नाही. सांगितलं असतंस तर चाललं असतं, असं तू म्हणाला असतास. पण मी सांगितलं नाही.

मी त्याचा अर्थ असा लावून ठेवला होता की ती शांतता चांगली लागते, कारण दाराआड तू घोरत पडलेला असतोस. हाक मारली तर उठशील एवढ्या अंतरावर. त्या भरवशाच्या जोरावर एकटं बसणं ही चैन होती. आता मागे रिकामी खोली असेल तर ती दुपार दुसऱ्याच कुठल्यातरी बाईची होईल. सकाळ आणि संध्याकाळ तर जाणारच होत्या. दुपारही जाणार असेल तर तिथे जाऊन करायचं काय? तीन दिवस विचार करून मी किल्ली परत करायचं ठरवलं. रविवारी सुलभाला फोन लावला.

"सुलभा, त्या लोकांना हो म्हण. किल्ली कुरिअरने पाठवते."

"बरं काकी. वाईट वाटतं हो. दुपारी आता आमच्याकडे कोण येणार?"

"दुपारी कोण यायचं?"

"काका यायचे ना."

"दुपारी ते झोपायचे."

तिकडून ती हसलीच. "काका? झोपायचे? अहो, आमच्या पडवीत असायचे ते रोज. सुपाऱ्या सोलायला बसायचे. एक सुपारी धड सोलली नाही हो त्यांनी इतक्या वर्षांत. माई ओरडायच्या, अहो जावई असता तर हाकलला असता. मग पत्ते काढायचे. पत्त्यांतही हरायचे."

मी म्हणाले, "पंखा चालू असायचा."

"तो चालू ठेवूनच यायचे. पुढचं दार हळूच ओढून, चपला हातात घेऊन, अंगणातून असे चोरासारखे." मग तिचा आवाज बदलला. "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं तुमची दोघांची गंमत चाललीय."

"का यायचे?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले," आणि तिने तुझी बोली जमेल तशी काढली, "बाईला वर्षभर माणसांची कटकट असती. दोन तास मोकळी राहू दे. मी जागा असलो की ती माझ्याकडं बघती, चहा पाहिजे का इचारती. म्हणून झोपलोय म्हणून सांगितलंय." मग स्वतःच्या आवाजात, "आणि चार वाजले की घड्याळ बघून म्हणायचे, चला, उठायची येळ झाली. आमच्या आरशासमोर उभे राहून केस विस्कटायचे आणि जायचे."

मी फोन कानाला धरून बसले. ती दोनदा हॅलो म्हणाली.

आधी राग आला, ते तुला सांगायला हवं. इतकी वर्षं, दर वर्षी, आरशासमोर केस विस्कटून. माझ्यासमोर ज्याला एक साधी थाप पचवता येत नव्हती, मुक्ताच्या वाढदिवसाचं सामान आणायला जाताना ज्याचं तोंड बघूनच तिला कळायचं, त्याने हे कसं निभावलं? मी तुझं घोरणं ऐकलं होतं. शपथेवर सांगितलं असतं. तो पंखा होता. दुसऱ्याची प्रत्येक बातमी दोन ठिकाणी तपासल्याशिवाय पुढे सोडली नाही, आणि दाराआडच्या खोलीत कोण आहे हे दार ढकलून बघितलं नाही.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ती समजायला वेळ लागला. मी पाटात पाय सोडून बसायची तेव्हा पुढची खोली रिकामीच होती. पंखा कोणासाठीच फिरत नव्हता. मी हाक मारली असती तर कोणी उठलं नसतं. त्या घरात मी एकटी होते आणि मला बरं वाटत होतं. ती सवय मला झालेली आहे. मला न कळवता तूच ती लावलीस.

तुझ्या मनात हे होतं, असं मी म्हणणार नाही. तुझ्या मनात बहुतेक सुपाऱ्या आणि पत्ते होते, आणि माझी कटकट थांबावी एवढंच. त्यापलीकडचं मी तुझ्या नावावर लिहू शकत नाही. पण विचारायला तू नाहीस, आणि आभार मानायलाही. तू समोर असतास तर आभार मानलेही नसते. चपला हातात घेऊन कसा जायचास ते करून दाखव, एवढंच म्हणाले असते.

ती अजून फोनवरच होती. "सुलभा," मी म्हणाले, "त्या लोकांना हो म्हणू नकोस."

"म्हणजे येताय?"

"येते."

"बघा! मग दुपारी आमच्याकडे या. एकट्या बसू नका. पत्ते आहेत अजून."

"नाही," मी म्हणाले. "दुपारी मी मागच्या दारात असते."

मुक्ताला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली, मग रडली आणि मग गोळ्यांची पाकिटं बरोबर घे म्हणाली. भाऊजींना कळवलं. "एकटीच?" "हो." "मग दोन-चार मोसंब्या घिऊन जा. तिथं काय मिळतं." ती त्यांची परवानगी असावी. नसीम आपांना झाडांच्या पाळ्या तोंडी समजावून सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाभी, मैं तो रोज डालूंगी पानी. उनको भी तो गम है." झाडं जगतील की लाडाने मरतील ते परत आल्यावर कळेल.

सकाळी वाळूवर मी शेवटच्या खडकापर्यंत जाईन की नाही, हे आज सांगता येत नाही. संध्याकाळचंही नाही. त्या वेळा जड जातील आणि त्यावर काही इलाज नाही. दुपारचं मात्र मला माहीत आहे.

आज स्टँडवर जाऊन तिकीट काढलं. दर वेळी हे काम तुझं असायचं आणि मी सामानापाशी उभी असायची. तुला गाडी लागायची म्हणून खिडकीत तू बसायचास. सगळा घाट मी आजवर तुझ्या खांद्यावरून पाहिला आहे. आरक्षणाच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "चिपळूण एक. खिडकी देऊ का आतली?"

मागे रांग होती. मी पैसे पुढे सरकवले.

"खिडकी," मी म्हणाले.